नंबर लागला, पण कसा?

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यात पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नंबर कुठं लागला?" उत्तर ‘घाटीत’ असं आलं, की पुढचं काही विचारायचं उरत नाही. १९५६ साली सुरू झालेलं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गावोगावी याच नावानं ओळखलं जातं. गंमत अशी, की आपल्या भाषेत ‘नंबर’ म्हणजे गुणवत्ता यादीतला क्रमांक आणि रांगेतली पाळीसुद्धा. प्रवेशाचे सगळे वाद या दोन अर्थांत सापडतात.

आधी पाळीचं बघू. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. ज्यांच्या घरात कुणी शाळा पाहिली नव्हती, त्यांच्यासाठी ते दार होतं. मराठवाड्यात विद्यापीठ यायला १९५८ उजाडलं. त्याआधी संयुक्त महाराष्ट्रासाठीच्या १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला तंत्रशिक्षणाच्या प्रवेशांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं वचन मिळालं. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमातही तंत्रशिक्षणाच्या सोयींच्या न्याय्य व्यवस्थेची तरतूद आहे.

वैद्यकीय प्रवेशात १९८५ पासून ७०:३० चं सूत्र आलं. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के सगळ्या राज्याला. हेतू पाळी राखण्याचा होता. पण मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, त्यामुळं वाट्याला आलेलं ताटही लहान. इथल्या मुलाला जास्त गुण मिळवूनही जागा हुकायची, तर दुसऱ्या विभागात कमी गुणांवर ती मिळून जायची. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं हे सूत्र रद्द केलं. संरक्षणासाठी बांधलेलं कुंपणच आड येत होतं.

आता क्रमांकाचं. मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि १९८६ साली मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना पद सोडावं लागलं. डोनेशनविरोधी कायदा १९८७ चा. पुढं २०१५ च्या कायद्यानं खासगी संस्थांचे प्रवेशही सीईटीच्या सामायिक प्रक्रियेत आणले. मग वशिला थेट प्रश्नपत्रिकेपर्यंत सरकला. २०२४ च्या ‘नीट’मध्ये पाटणा आणि हजारीबागेत पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं, मात्र फेरपरीक्षा नाकारली. त्याच प्रकरणाच्या तपासात लातुरात शिक्षकांना अटक झाली. ज्या शहराच्या शिकवणी ‘पॅटर्न’ची नक्कल राज्य करतं, तिथं ही बातमी जास्त झोंबली.

पेपर फुटला नाही, तर क्रमांक खरा असतो. पण त्यामागं कुणाची दोन वर्षांची शिकवणी असते, कुणाचं रिपीटर म्हणून काढलेलं वर्ष, तर कुणाचा जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी घातलेला हेलपाटा. यातलं यादीत काहीच उमटत नाही.

म्हणून प्रवेशांच्या आढाव्यात, नावं न देता, दोन गोष्टी मोजाव्यात: दहावी कोणत्या तालुक्यातून केली आणि परीक्षा कितव्यांदा दिली. त्यानं कुणाची जागा जाणार नाही. सोयगाव, कन्नड, पैठणसारख्या तालुक्यांतल्या पोरांचा आकडा मात्र समोर येईल. तो सलग काही वर्षं शून्याजवळच राहिला, तर क्रमांक खरा असूनही पाळी आलेली नाही, हे तरी कबूल करता येईल.