स्पर्धा, सहकार्य आणि विद्यार्थिनी

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना चढाओढ मानवत नाही, मिळूनमिसळून अभ्यास करणेच त्यांच्या वृत्तीला रुचते, असा एक समज रूढ आहे. तो पारखून घेणे अगत्याचे आहे. कारण पारितोषिके, शिष्यवृत्त्या आणि पुढे अधिकारपदे यांची वाट बहुधा स्पर्धेतूनच जाते.

म्यूरिएल नीडर्ले व लीझ वेस्टरलुंड या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. ४० पुरुष व ४० स्त्रियांना पाच मिनिटांत बेरजेची उदाहरणे सोडवावयाची होती. दोहोंची गती जवळजवळ सारखीच ठरली. नंतर त्यांच्यापुढे निवड ठेवण्यात आली: प्रत्येक अचूक उत्तरास अर्धा डॉलर घ्यावा, किंवा चौघांत पहिले आल्यास उत्तरागणिक दोन डॉलर, न आल्यास काहीच नाही, ही अट पत्करावी. पुरुषांपैकी शेकडा ७३ जणांनी चढाओढ पत्करली; स्त्रियांपैकी शेकडा ३५ जणींनीच. कुशल स्त्रिया मागे राहिल्या, बेताचे पुरुष उगाच पुढे सरसावले. हानी दोघांचीही झाली.

हा संकोच उपजत मानावा काय? विद्यापीठाबाहेरील एक अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. मेघालयातील खासी समाजात कूळ आईकडून चालते. तेथे चेंडू बादलीत टाकण्याच्या खेळात शेकडा ५४ स्त्रियांनी स्पर्धा निवडली, पुरुषांपैकी मात्र ३९ जणांनीच. टांझानियातील पितृप्रधान मसाई समाजात हेच आकडे स्त्रियांचे २६ आणि पुरुषांचे ५० असे आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवरून समाजाच्या घडणीचा वाटा केवढा मोठा असतो, हे ध्यानी येते.

सहकार्य हाही दुबळ्यांचा आसरा नव्हे. मॉर्टन डॉइच यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे गट केले. काही गटांत गुण साऱ्या गटाला मिळून होते, काहींत आपसांतील क्रमावर. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकत्र गुण मिळणाऱ्या गटांतील विद्यार्थी परस्परांचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकत आणि त्यांचे कामही सरस होई, असे आढळले.

तेव्हा मुलींसाठी सहकार्य व मुलांसाठी स्पर्धा, अशी वाटणी करणे न्याय्य नव्हे. विद्यार्थिनीला स्पर्धेत उतरण्याचा आत्मविश्वास आणि विद्यार्थ्याला दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय, ही दोन्ही शिकवणीनेच येतात. ती देणे हे विद्यापीठाचेच काम होय.