शनवार तेल्यांचे गुरू : दावीद राहाबी

पैठण आम्हा बिडकीनकरांना जवळचे. त्यामुळे धर्मज्ञान लोकांच्या दारी नेणारे नाथ आम्हांस लहानपणापासून परिचित आहेत. असेच कार्य केलेल्या एका ज्यू विद्वानाची माहिती येथे थोडक्यात देत आहे.

कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहत आला. ही मंडळी तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू धर्मग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. ‘शेमा’ ही प्रार्थना, शनिवारची विश्रांती, सुंता व काही आहारनियम मात्र त्यांनी जपले होते.

परंपरा सांगते की, दावीद राहाबी नावाच्या परदेशी ज्यू विद्वानाने त्यांच्या स्त्रियांना मासळी रांधावयास दिली. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे पर व खवले असलेलाच मासा खाण्यास योग्य. स्त्रियांनी बिनखवल्यांची मासळी बाजूस काढली, तेव्हा हे आपलेच बांधव, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने झिराटकर, राजपूरकर व शापूरकर घराण्यांतील तीन तरुणांस धर्मविधी शिकविले. पुढे या घराण्यांतील ‘काजी’ गावोगाव धर्मकृत्ये चालवू लागले.

हा राहाबी कोणत्या काळातला? काहीजण त्याला इ. स. १००० च्या सुमारास नेतात. दुसऱ्या मताप्रमाणे तो कोचीनचा विद्वान व्यापारी दावीद राहाबी (१७२१–१७९१) होय. त्याने कालगणनेवर हिब्रूत ‘ओहेल दावीद’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे वडील एझिकिएल राहाबी यांनी १७६८ साली हॉलंडला धाडलेल्या पत्रात, मराठी मुलुखातील या तेली ज्यूंना शेमा व शब्बाथ एवढेच ठाऊक आहे, असे लिहिले आहे. शिक्षण सातआठशे वर्षांपूर्वीच झाले असते, तर ज्ञान इतके तोकडे राहते ना. म्हणून मला दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मासळीची कथा मात्र समाजाची स्मृती म्हणूनच वाचावी.

त्यानंतरची वाटचाल स्पष्ट आहे. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्या तीन आडनावांपैकीच हे एक!

गुरू परमुलखातून आला, पण विद्या गावच्याच तरुणांच्या स्वाधीन करून गेला. म्हणूनच ती टिकली.