जॉबचा रेट सांगण्याआधी फीडचं गणित करा



लेथचं जॉबवर्क सुरू करायचंय म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "मशीन कोणतं घेऊ?" मी उलट विचारतो, "एका जॉबला किती वेळ लागेल, ते कागदावर काढता येतं का?" कारण भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, पार्टी ड्रॉइंग पुढे ठेवते आणि लगेच रेट विचारते. तिथे अंदाजाने बोललात, तर एकतर ऑर्डर जाते, नाहीतर नफा.

हा वेळ ठरतो फीडवर. जॉबच्या एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं, ते फीड. गणित तीन ओळींचं आहे:

आरपीएम = कटिंग स्पीड × १००० ÷ (३.१४ × व्यास)
मिनिटाचं फीड = फीड × आरपीएम
वेळ = टर्निंगची लांबी ÷ मिनिटाचं फीड

समजा, ५० मि.मी. व्यासाचा एम.एस. बार आहे, १५० मि.मी. टर्निंग आहे. कार्बाइड इन्सर्ट, कटिंग स्पीड मिनिटाला १२० मीटर. आरपीएम येतो ७६४. आपण ७५० धरू.

फीड ०.१० मि.मी. ठेवलं, तर एका पासला २ मिनिटं. ०.२५ ठेवलं, तर ४८ सेकंद. फरक फक्त ७२ सेकंदांचा! पण २०० जॉबला तोच फरक ४ तास होतो. मशीनचा तासाचा खर्च ४०० रुपये धरला, तर १,६०० रुपये गेले. तेही एकाच पासमध्ये.

मग फीड वाढवतच जायचं का? नाही. आधी ड्रॉइंगवर फिनिश किती मागितलाय ते बघा. फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची ३२ पट, हा साधारण आरए. ०.८ नोज रेडियसला ०.२५ फीडवर तो सुमारे २.४ मायक्रॉन येतो. ड्रॉइंगवर ३.२ असेल, तर चालतं. १.६ असेल, तर हिशोबाने ०.२० पर्यंतच जाता येतं. प्रत्यक्षात मशीनचं व्हायब्रेशन आणि इन्सर्टची झीज असतेच, म्हणून ०.१५ धरा.

फीड उगाच कमी ठेवलं, तरी त्रासच. चिप तुटत नाही, लांब गुंता होऊन जॉबला गुंडाळते. इन्सर्ट कापण्याऐवजी घासत राहतो. बार बारीक आणि लांब असेल, तर मात्र जास्त फीडने तो वाकतो. इन्सर्टच्या डबीवर फीडची रेंज छापलेली असते. सुरुवात तिथून करा आणि पहिला जॉब मोजून मगच फीड वाढवा.

रेट काढताना जॉब लावणं-काढणं, मोजमाप आणि इन्सर्ट बदलण्याचा वेळ वेगळा जोडायचा, हे विसरू नका.

आज एकच काम करा. हातातलं कुठलंही ड्रॉइंग घ्या, प्रत्येक पासचा वेळ लिहा, मग रेट काढा. पार्टीने घासाघीस केली, तरी कुठे थांबायचं हे तुम्हाला माहीत असेल.