जुन्या गाडीला नवा आवाज, डॅशबोर्डला धक्का न लावता

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा मागे पडले की तेरखेडा लागते. वाशी तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते फटाक्यांच्या कारखान्यांमुळे. आज मात्र आम्ही फटाक्यांच्या बाजारभावाबद्दल लिहिणार नाही. तेरखेड्यासारख्या महामार्गावरच्या गावांत वायरिंगवाले, टेपवाले, कुशनवाले आणि पत्रेवाले आहेत, त्यांच्या हाताला अजून काम देऊ शकेल अशा एका हुन्नराकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. हा हुन्नर म्हणजे जुन्या, शौकाने जपलेल्या मोटारीत नवी आवाजाची यंत्रणा अशी बसवणे की बघणाऱ्याला गाडी जशीच्या तशी जुनी वाटावी.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा काळ आठवा. नवी गाडी शोरूममधून निघाली की बहुधा थेट टेपवाल्याच्या दुकानात जायची. टेप, दोन डेकचे स्पीकर, मागच्या काचेखाली सहा-नऊचे अंडाकृती स्पीकर, वर एखादा अँप्लिफायर, असे दिवसभराचे काम असे. आता हे सर्व कारखान्यातूनच बसून येते. नव्या गाडीचा पडदा, एसी, कॅमेरा आणि गाणी एकाच यंत्रात गुंफलेली असतात. तेथे बाहेरच्या कारागिराने हात घातला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. धंदा आटला तो यामुळे, कारागिराच्या आळसामुळे नव्हे. जुन्या गाडीत मात्र सर्व काही उघडे, साधे आणि हाताला येणारे आहे.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटली की दोन नावे आधी येतात. उत्तरपाऱ्याची अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या बांधणीवरून निघाली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट १९६४ पासून 'डिलाईट' आणि १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली. तिच्याही आधीची 'डुक्कर फियाट' आता क्वचित दिसते. मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. जी गाडी कालपर्यंत भंगाराच्या भावाने जात होती, तिच्याकडे आता लोक आठवण म्हणून पाहू लागले आहेत. ज्यांच्या वडिलांनी ती चालवली तेच आज गिऱ्हाईक म्हणून येतात, आणि त्यांची मागणी ऐकायला विचित्र वाटते. गाडी वडिलांच्या वेळेची दिसावी, पण मोबाईलमधील गाणे स्वच्छ ऐकू यावे.

येथे पहिली आणि सर्वात मोठी गोष्ट अशी की पत्रा कापायचा नाही. आजच्या टेपचे तोंड साधारण सात इंच रुंद आणि दोन इंच उंच असते. जुन्या रेडिओची खाच त्याहून लहान, मधोमध डायल आणि दोन बाजूंना दोन खुंट्या. नवा टेप बसवण्यासाठी डॅशबोर्ड कापून मोठा केलेल्या गाड्या आम्ही कितीतरी पाहिल्या आहेत. तो पत्रा पुन्हा जोडता येतो, पण वेल्डिंगची रेघ पारखी माणसाच्या नजरेतून सुटत नाही, आणि शौकीन गिऱ्हाईक तेवढ्यावरच भाव पाडतो. अर्ध्या तासाच्या कानशीने मालकाचे असे नुकसान होते, की जे टेपच्या किमतीतून कधी भरून येत नाही.

मग नवा आवाज येणार कोठून? पहिला मार्ग म्हणजे सेट लपवणे. पडदा नसलेला, मोबाईलवरून चालणारा छोटा ब्लूटूथ अँप्लिफायर हातमोज्याच्या कप्प्यात किंवा पुढच्या सीटखाली बसतो. पद्मिनीला पुढे सलग बाकडे आहे, त्याखाली जागा चांगली मिळते. फक्त अँप्लिफायरवर गालिचा किंवा गोणपाट येऊ देऊ नये. तो तापतो आणि त्याला हवा लागते. डॅशबोर्डवर जुना रेडिओ शोभेला तसाच राहतो.

दुसरा मार्ग अधिक नाजूक आहे. त्यात जुन्या रेडिओचे तोंड, डायल आणि खुंट्या ठेवून आतले पोट बदलतात. आत एक छोटी एफएम-ब्लूटूथ पाटी आणि चार चॅनेलची अँप्लिफायर आयसी बसते. आवाजाच्या जुन्या खुंटीलाच नवा स्विचवाला कंट्रोल जोडतात, आणि डायलचा बारीक बल्ब पूर्वीसारखा पिवळा लागतो. काम सुबक झाले तर मोठा जाणकारही हात लावल्याशिवाय ओळखत नाही. तरीही आमचे मत असे की चालू असलेल्या रेडिओचे पोट कधीच काढू नये. मिडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकवणारा जुना सेट आज नव्याने मिळत नाही. तो चालत असेल तर आवाजाच्या कंट्रोलच्या वरच्या टोकाला बाहेरून एक तार आणून, मध्ये छोटा स्विच ठेवून, मोबाईल जोडता येतो. एकीकडे रेडिओ, दुसरीकडे मोबाईल. पोट बदलायचे ते मेलेल्या सेटचे. असे मेलेले सेट मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत किंवा चोर बाजारात शोधावे लागतात. पारखून घेणाऱ्याला त्यातही कमाई आहे.

स्पीकरची अडचण निराळी. पूर्वी गाडीत एकच स्पीकर असे, डॅशबोर्डमध्ये जाळीमागे, कारण आवाजच एकपदरी होता. आजचे गाणे डाव्या-उजव्या दोन पदरांचे. एकच जागा असेल तर दोन कॉइलचा एक स्पीकर मिळतो, त्यात दोन्ही पदर एकाच शंकूतून वाजतात. गरीब गाडीला तेवढे पुरते. याहून चांगले हवे असेल तर कुशनवाल्याला जोडीला घ्यावे. दरवाजाचा मूळ पॅड काढून त्याचा कागदी साचा घ्यायचा, त्यावरून हार्डबोर्डचा नवा पॅड कापायचा, त्यात स्पीकर बसवायचा आणि त्याच रंगाचे, त्याच शिवणीचे रेक्झिन चढवायचे. मूळ पॅड मालकाच्या घरी जपून राहतो. पायाशी, बिजागरीच्या बाजूला, प्लायवुडची छोटी पेटी बसवली तर तीही रेक्झिनखाली दिसत नाही. चार ओहमचे दोन स्पीकर मात्र एका चॅनेलला शेजारी-शेजारी जोडू नयेत. भार दोन ओहमवर येतो आणि साधी आयसी तापून बसते.

आवाज वाढवण्याआधी गाडी गप्प करावी, हे बरेच जण विसरतात. दरवाजाची बीडिंग नवी, सैल पत्र्याचे स्क्रू आवळलेले आणि गालिच्याखाली नमदा, एवढे केले तरी त्याच स्पीकरचा आवाज दुपटीने खुलल्यासारखा वाटतो. खर्च किरकोळ.

आता विजेकडे येतो. येथे आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण बिघाड बहुतेक येथेच होतो.

सेटच्या खोक्यावर ५० वॉटचे चार, म्हणजे २०० वॉट, असे ठळक छापलेले असते. खोके वाचू नका, सेटच्या मागचा फ्यूज वाचा. तो १० अँपिअरचा असेल आणि गाडी १४ व्होल्ट देत असेल तर आत जाणारी सगळी शक्ती झाली १४० वॉट. त्यातून २०० बाहेर कसे येणार? त्यातही काही भाग उष्णतेत जातो. हा हिशोब गिऱ्हाईकाला समजावून सांगणारा दुकानदार जास्त माल विकतो की कमी, हे आम्ही सांगत नाही. पण तो गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारी येतो.

आता गाडीची बाजू पाहा. इंग्रजी बांधणीच्या जुन्या गाड्यांत लुकासचा सी-४० डायनॅमो असे. त्याची कमाल मजल २२ अँपिअर, तीही गाडी वेगात असताना. दोन हेडलाइट ५५ वॉटचे धरले तर तेच सुमारे ९ अँपिअर खातात. इग्निशन कॉइल, मागचे दिवे, वायपर धरले की रात्रीच्या प्रवासात हाती चार-पाच अँपिअर उरतात, आणि सिग्नलला उभी असताना तेही नाहीत. म्हणून लहान सेट पुरे असे समजावून द्यावे, किंवा डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवावा. हुबेहूब डायनॅमोच्या कवचात बसवलेले अल्टरनेटरही परदेशात बनतात. दिसणे तेच, देणे जास्त.

दुसरे म्हणजे अर्थ. आजच्या सर्व सेटला बॅटरीची ऋण बाजू बॉडीला लागते. जुन्या इंग्रजी घराण्याच्या अनेक गाड्यांत धन बाजू बॉडीला असे. न तपासता नवा सेट पत्र्याला स्क्रूने आवळला तर तो त्या क्षणी जातो, तार जाड असेल तर धूरही निघतो. काही फार जुन्या गाड्या तर १२ नव्हे, ६ व्होल्टच्या आहेत. बॅटरीकडे पाहून आणि मीटर लावून खात्री केल्याशिवाय काम सुरू करू नये.

तिसरी गोष्ट फ्यूजची, आणि ती तेरखेड्याच्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर पटेल. ज्या गावाची रोजीरोटी दारूकामावर आहे तेथे ठिणगी म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या गाडीत कापडी वेष्टनाच्या तारा असतात. तीस-चाळीस वर्षांत ते वेष्टन कुजते, हाताने चुरगळते. जवळच पेट्रोलची नळी. म्हणून नव्या सेटची धन तार जुन्या वायरिंगला कोठेही जोडू नये, थेट बॅटरीपासून आणावी आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज ठेवावा. फ्यूज सेटजवळ ठेवला तर मधली सगळी तार उघड्यावर राहते, आणि घासून पत्र्याला लागते ती हीच तार. १० ते १५ अँपिअरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. इंजिनाच्या बाजूने आत येताना आधीचे भोक वापरावे, त्यात रबरी ग्रोमेट असलाच पाहिजे. वरून सुती नळी चढवली की नवी तार जुन्यासारखीच दिसते. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून काम भागवणारे महाभाग अजून आहेत. त्यांना दुकानात ठेवू नये. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची एक तार सोडायची, हे लहान मुलालाही ठाऊक असावे.

गाणे लागले आणि इंजिनाबरोबर चढउतार करणारी शिट्टी ऐकू आली तर सेटला दोष देऊ नका. स्पीकरच्या आणि सिग्नलच्या तारा प्लगच्या तारेपासून दूर, दुसऱ्या बाजूने न्या. सेटचा अर्थ स्वच्छ खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळा. त्यानेही गेली नाही तर कॉइलवर कंडेन्सर आणि प्लगवर रेझिस्टन्सच्या टोप्या बसवा.

कायद्याबद्दल दोन शब्द. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नवे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी व चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नूतनीकरणाची ५,००० रुपये ठरली. १९७४ साली नोंदलेली गाडी २०२४ मध्ये या वयाची झाली, म्हणजे पद्मिनीही आता या रांगेत येऊ लागल्या आहेत. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा, अशी अट आहे. गाण्याच्या सेटबद्दल त्यात ओरड नाही, पण बॉडीचा पत्रा कापून वाद कशाला ओढवून घ्यायचा? शिवाय अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. नवरदेवाच्या मिरवणुकीला भाड्याने देण्यासाठी गाडी सजवून मागणारे गिऱ्हाईक येते, त्याला हे आधीच सांगावे. तसे भाडे करायचे असेल तर ही नोंदणी त्याच्या कामाची नाही.

राहिला मजुरीचा प्रश्न. या कामात माल थोडा आणि वेळ फार. साचा काढणे, रंग जुळवणे, तार लपवणे यांत दिवस जातात, आणि गिऱ्हाईकाला शेवटी काहीच बदललेले दिसत नाही. मग तो म्हणतो, एवढे पैसे कशाचे? यावर उपाय हाच की काम घेण्याआधी अंदाज कागदावर द्यावा. माल वेगळा, मजुरी वेगळी, बयाणा घेतल्याची नोंद वेगळी. मोबाईलवर डॅशबोर्डचे, दरवाजांचे, वायरिंगचे फोटो काम सुरू होण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर काढावेत. पॅड बसला की आतले काम कोणालाच दिसत नाही, फोटोत ते दिसते. दोन-चार गाड्यांचे असे फोटो जमले की तेच पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवता येतात, आणि या शौकातील माणसे एकमेकांच्या सांगण्यावरूनच दुकान शोधत येतात.

गाडीतून निघालेला प्रत्येक भाग मालकाचा, मग तो तुटका स्पीकर असो वा गंजलेला स्क्रू. एका खोक्यात घालून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, बिलासोबत परत द्यावा आणि बिलावर त्याची यादी लिहून मालकाची सही घ्यावी. उद्या त्याने गाडी विकली तर ते खोकेही गाडीबरोबर जाते, आणि घेणारा ते उघडून पाहतोच.