बावन्नातून सत्तावीस: टाचणात न लिहिलेली चूक

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ − २७ लिहा आणि पाट्या बघा. काही पाट्यांवर ३५ हे उत्तर हमखास सापडेल. ही घाईतली चूक नसते. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, हा नियम मुलाच्या मनात घट्ट बसलेला असतो. वर २ आणि खाली ७ दिसले की ते बिनदिक्कत ७ मधून २ काढतं. अनुभवी गुरुजींना, बाईंना ही चूक पाठ असते. पाठाच्या टाचणात मात्र ती क्वचितच उतरते. तिथे ‘विद्यार्थ्यांना हातच्याची वजाबाकी समजेल’ एवढंच उद्दिष्ट असतं.

‘थेट अध्यापन’ ही शिकवण्याची पद्धत नेमकं या चुकीपासून नियोजनाला सुरुवात करायला सांगते. १९६० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात सिगफ्रीड एंगलमन आणि कार्ल बेरायटर यांनी गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी ही पद्धत उभी केली. पुढे ‘प्रोजेक्ट फॉलो थ्रू’ या सरकारी प्रयोगात अनेक पद्धती तपासल्या गेल्या. १९७७ च्या मूल्यमापनात वाचन-गणिताच्या मूलभूत कौशल्यांत थेट अध्यापन आघाडीवर राहिलं. त्या मूल्यमापनावर आक्षेपही घेतले गेले. तरी एंगलमन यांचा आग्रह मला मोलाचा वाटतो: मूल शिकलं नाही, तर आधी शिकवण्यात काय राहिलं ते शोधा.

आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलाने स्वतःच ज्ञान रचावं या विचाराचा, बोलबाला झाला आणि फळ्यापुढे उभं राहून शिकवणं जणू कमीपणाचं ठरलं. हे अन्यायाचं आहे. थेट अध्यापन म्हणजे व्याख्यान नव्हे. इथे मुलं सतत उत्तरं देत असतात. अमेरिकी अभ्यासक बराक रोझेनशाईन यांनी गणित अध्यापनाच्या एका अभ्यासाचा दाखला दिला आहे. ४० मिनिटांच्या तासात प्रभावी शिक्षक सुमारे २३ मिनिटं समजावणं, प्रश्न विचारणं आणि उदाहरणं सोडवून दाखवणं यांत घालवत. कमी प्रभावी शिक्षक केवळ ११ मिनिटं. पुरेशी तयारी न करून घेता ‘आता तुम्ही सोडवा’ म्हटलं, की मूल चुकीचाच सराव करत बसतं.

आता ५२ − २७ चा तास आखू. आधी शेवट ठरवायचा: तास संपताना प्रत्येक मुलाने एकट्याने पाचपैकी चार उदाहरणं बरोबर सोडवावीत. मग मागे यायचं. १२ − ७, १५ − ८ तोंडी येतं का? एका दशकाचे दहा सुटे होतात, हे माहीत आहे का? पहिली पाच मिनिटं यासाठीच. हे कच्चं असेल, तर हातचा पुढच्या तासावर ढकलावा.

नंतर शिक्षकाने मोठ्याने विचार करत एक उदाहरण सोडवायचं: “दोनातून सात जात नाहीत. मग पाच दशकांतला एक दशक सोडवते. आता बारा सुटे झाले, दशक उरले चार.” शेजारी काड्यांचा गठ्ठा खरोखर सोडायचा. उत्तर २५.

खरं कसब पुढच्या उदाहरणात आहे. ५२ − २७ च्या शेजारी ५७ − २२ लिहा. अंक तेच, फक्त एककाच्या जागा बदललेल्या, आणि इथे ३५ हे उत्तर अगदी बरोबर. हातचा कुठे लागतो आणि कुठे नाही, हे मुलाला इथे समोरासमोर दिसतं. सगळी उदाहरणं हातच्याचीच दिली, तर मूल विचार न करता सरसकट हातचा घेत सुटतं. म्हणून ४३ − १८, ४८ − १३ अशी सरमिसळ हवी, आणि ती आदल्या दिवशीच कागदावर हवी. फळ्यापुढे ऐनवेळी इतकी नेमकी जोडी सुचत नाही.

त्यानंतर काही उदाहरणं सगळ्यांनी मिळून. प्रत्येक टप्प्यावर सर्वांच्या पाट्या एकदम वर. हात वर करणाऱ्या चौघांना विचारून वर्गाचा अंदाज येत नाही. बहुतेकांचं बरोबर आलं, की स्वतंत्र सराव; अडलेली मुलं तेवढ्या वेळात फळ्याजवळ. द्विशिक्षकी शाळेत याच सरावाच्या वेळात दुसऱ्या इयत्तेकडे वळता येतं.

कवितेच्या आस्वादाला किंवा परिसर भेटीला हा साचा लावू नये. पण वाचन, लेखन आणि मूलभूत गणितात ज्या मुलाला घरी विचारायला कुणी नाही, त्याला हा तासच आधार आहे.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना एवढीच विनंती: टाचण वहीवर सही करण्याआधी त्यात दोन गोष्टी शोधा. मुलं कुठे चुकतील, आणि त्यासाठी कोणती उदाहरणं निवडली आहेत.