भिवापूरची रेल्वे : फोटो खरा की गेममधला?

हिरवं रान, वळणावरची छोटी गाडी. फोटो सुंदर आहे, पण तो ट्रेन सिम्युलेटर गेमचा स्क्रीनशॉटही असू शकतो. ‘ओपन रेल्स’सारख्या मोफत सिम्युलेटरमध्ये हौशी लोक स्वतः मार्ग तयार करतात. त्यामुळे ओळखीचं स्टेशनही पडद्यावर दिसू शकतं.

मग अडचण काय?

भिवापूरवरून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. ‘छोटी गाडी पुन्हा सुरू’ म्हणत असा स्क्रीनशॉट फिरला, तर कुणी स्टेशनवर जाऊन रिकाम्या हाती परतेल.

कसं ओळखाल?

एकसारखी झाडं, निर्मनुष्य फलाट, सपाट सावल्या दिसल्या तर शंका घ्या. वेळापत्रक रेल्वेच्या अधिकृत ॲपवरच बघा.

स्क्रीनशॉट जरूर टाका. फक्त कॅप्शनमध्ये लिहा : ‘गेममधलं दृश्य’.