डोंगलची सोंगं

मोबाइल इंटरनेटचं डोंगल यूएसबीला लावलं की ते आधी आपण कोण आहोत हे लपवतं. लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावर मोडेम उगवत नाही, सीडी उगवते. घरात सीडी नसते, लॅपटॉपला सीडीचा खणही नसतो, तरी ती तिथे दिसते. उघडून पाहिलं तर आत विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर, आपल्या काहीच कामाचं नाही.

२००९ ते २०११ या काळात आपल्याकडे थ्रीजी पसरलं आणि डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणच्या घराघरांत ही बोटभर लांबीची डोंगलं आली. त्यांतली बरीचशी ह्वावे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांनी बनवलेली असत. वर छाप मात्र सिम देणाऱ्या कंपनीची. सोबत वेगळी सीडी द्यायला नको म्हणून बनवणाऱ्यांनी युक्ती केली. डोंगलनं सुरुवातीला सीडी असल्याचं भासवायचं, विंडोजनं त्यातून ड्रायव्हर बसवून घ्यायचा आणि मग त्या ड्रायव्हरनं हुकूम सोडायचा की आता मोडेम हो. लिनक्सवर तो हुकूम सोडणारं कुणी नव्हतं, म्हणून डोंगल सीडीच राहायचं.

ठाकुर्लीकरांना ही गोष्ट समजायला सोपी जावी. इथल्या चोळे पॉवर हाऊसची वीज ज्या रेल्वेसाठी होती, ती मुंबईच्या बाजूला १,५०० व्होल्ट डीसीवर चालायची, आणि इगतपुरीच्या पलीकडे २५,००० व्होल्ट एसी. दोन्हीकडे धावणारी खास इंजिनं वर्षानुवर्षं इथून गेली. सांगाडा तोच, पण वीज बदलली की आतली सगळी जोडणी बदलायची. डोंगलच्या पोटातही अशा दोन जोडण्या असतात, फक्त बदल करायला सांगावं लागतं.

तो हुकूम नेमका काय असतो? ३१ बाइट. बस, एवढंच. यूएसबीच्या साठवणीच्या साधनांशी बोलायचा नियमच आहे की प्रत्येक आज्ञा ३१ बाइटच्या पाकिटातून जाते आणि पाकिटावर आधी यू, एस, बी, सी ही चार अक्षरं असतात. ह्वावेच्या कित्येक डोंगलांना अशाच एका पाकिटातून ठरावीक आकडे पाठवले की सीडी नाहीशी होते. क्षणभर यूएसबीवर काहीच नसतं, आणि मग तेच डोंगल नव्या ओळखीनं परत येतं. आधी १२डी१:१४४६ असलेला क्रमांक आता १२डी१:१००१ दिसतो. पहिला भाग कंपनीचा, तो तसाच राहतो; दुसरा भाग बदललेला. काही झेडटीई डोंगलांना तर सीडी बाहेर काढायची नेहमीची आज्ञा दिली तरी पुरतं. नसलेली सीडी बाहेर काढायला सांगायची आणि मोडेम मिळवायचा!

हे आकडे लोकांनी विंडोजवर डोंगल लावून, तारेवरून जाणारा यूएसबीचा संवाद टिपून शोधून काढले. योसुआ डित्से यांनी यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि वेगवेगळ्या डोंगलांची पाकिटं त्यात जमत गेली. आज बहुतेक लिनक्समध्ये तो असतो आणि आपण काही करायच्या आत काम उरकतो. कुठल्यातरी अनोळखी माणसानं रात्री बसून टिपलेली आकड्यांची एक ओळ आपल्या घरी इंटरनेट सुरू करते, ही मला या साऱ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

सीडीचं सोंग उतरलं की दुसरं सुरू. डोंगल आता सीरियल पोर्ट बनतं, म्हणजे जुन्या काळी संगणकाच्या पाठीमागे मोडेमची तार जिथे लागायची ते भोक. लिनक्समध्ये ते टीटीवाययूएसबी० अशा नावांनी दिसतं, आणि बरेचदा एकाच डोंगलची अशी दोन-तीन पोर्टं असतात. हे घडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव 'ऑप्शन'. ते बेल्जियममधल्या मोडेम बनवणाऱ्या कंपनीवरून पडलं. या पोर्टवर 'एटी' लिहून एंटर दाबा. डोंगल उत्तर देतं: ओके.

ही भाषा १९८१ची आहे. अमेरिकेतल्या डेनिस हेज यांच्या कंपनीच्या स्मार्टमोडेमला एकाच तारेतून मजकूरही जायचा आणि आज्ञाही. आज्ञेच्या ओळीआधी एटी लावायचं. सेकंदाला ३०० बिट पाठवणाऱ्या यंत्रासाठी केलेली ही सोय पुढे मोबाइलच्या जागतिक मानकांत शिरली आणि फोरजीच्या मोडेमपर्यंत टिकली.

तिसरं सोंग मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. जोडणीसाठी डोंगलला *९९# हा नंबर फिरवायला सांगतात (सीडीएमएवाल्या फोटॉन, नेटकनेक्टला #७७७ असायचा). १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेम खरोखर फोन लावायचा, पलीकडे दुसरा मोडेम तो उचलायचा, आणि मधली ती खरखर घरभर ऐकू यायची. *९९#च्या पलीकडे मात्र कुणीच फोन उचलत नाही. कॉल लागल्याचा, पीपीपी या जुन्या पद्धतीनं बोलणी झाल्याचा सगळा देखावा लॅपटॉप आणि डोंगल यांच्यातल्या वीतभर अंतरात होतो. पुढे टॉवरकडे डेटाची पाकिटं जातात ती वेगळ्याच रीतीनं.

एक गोष्ट तेवढी माणसाला सांगावी लागते: एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जायचं दार. बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, जिओचं जिओनेट. या एपीएनची यादीही स्वयंसेवकांनी देशोदेशींची माहिती भरून केलेली आहे. लिनक्सच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये भारत निवडा, कंपनी निवडा, दार आपोआप भरलं जातं.

आणि सिग्नल. एटी+सीएसक्यू लिहिलं की ० ते ३१ मधला आकडा मिळतो. ९९ आला तर मोजताच आलेलं नाही. शून्य म्हणजे उणे ११३ डीबीएम किंवा त्याहून कमी. वॅटमध्ये मांडलं तर एका वॅटचे २०० लाख कोटी भाग करून त्यातला एक! तीस-एकतीसच्या घरात पोचलेला जोरदार सिग्नलही वॅटच्या काही अब्जांश भागाएवढाच असतो, आणि त्यातून डोंगल अक्षरं वेचतं. ठाकुर्लीतल्या नव्वद फुटी रस्त्याच्या उंच इमारतींमागे आतल्या खोलीत आकडा खाली घसरला, तर मीटर-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल खिडकीच्या गजाशी न्यावं. प्रत्येक अंक दोन डीबीचा. पाच अंक वाढले की पोचणारी शक्ती दसपट.

नंतरच्या डोंगलांनी सोंग बदललं. ह्वावेचं हायलिंक जातीचं डोंगल लॅपटॉपला नेटवर्क कार्ड असल्याचं सांगतं. नंबर नाही, पीपीपी नाही. त्यातल्या ई३३७२ सारख्या काहींच्या आत खुद्द लिनक्स चालतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ लिहा, डोंगल आपलं स्वतःचं पान उघडून दाखवतं, त्यावर सिग्नल, वापरलेला डेटा आणि सिमवर आलेले एसएमएस.